ब्रिटिश राजघराण्याच्या पाककृती आपल्या ओट्यावर (फक्त कागदोपत्री पुरावा असलेल्याच!)

गवती_चहा

नमस्कार मंडळी,

कुठल्याही केकला 'रॉयल' चिकटवलं की तो खपतो, हे आता सगळ्यांनाच कळलंय. परवा एका व्हिडिओत चक्क वेलची घातलेला रवा केक 'राणीच्या चहाचा केक' म्हणून दाखवला. म्हणून हा धागा काढतेय. अटी दोनच. एक, पदार्थाचा राजघराण्याशी असलेला संबंध लिहून ठेवलेला असावा. कुणी केला, केव्हा केला, कुणासाठी केला. 'राणीला म्हणे फार आवडायचं' चालणार नाही. दोन, तो ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन), तवा आणि मिक्सरवर व्हायला हवा, आणि सामान आपल्याकडे मिळायला हवं.

सुरुवात माझी. ड्रॉप स्कोन.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ऑगस्ट १९५९ मध्ये स्कॉटलंडला बालमोरलच्या वाड्यात पाहुणे म्हणून गेले होते. तिथे हे स्कोन खाल्ले आणि राणी एलिझाबेथने पाककृती द्यायचं कबूल केलं. मग राहून गेलं. २४ जानेवारी १९६० ला तिने पत्र लिहिलं, की आजच्या पेपरात तुमचा बार्बेक्यूपाशी उभे असलेला फोटो पाहिला आणि आठवलं, पाककृती पाठवायची राहिलीच. सोबत कागद. ते पत्र अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवलेलं आहे. याहून पक्का पुरावा कुठला हवा?

प्रमाण सोळा माणसांचं: चार चहाचे कप मैदा, चार मोठे चमचे बारीक साखर, दोन कप दूध, दोन अंडी, दोन छोटे चमचे खायचा सोडा, तीन छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (पीठ फुगायला सोड्यासोबत घालतात ती आंबट पावडर), दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी. घरी निम्मं करा, पुरतं.

अंडी, साखर आणि निम्मं दूध फेटा. मैदा घाला, लागेल तसं उरलेलं दूध. मग सोडा आणि टार्टर, शेवटी लोणी. राणीने पत्रात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्यात: मिश्रण भरपूर फेटायचं, आणि फेटल्यावर ताटकळत ठेवायचं नाही. दुसरी सूचना महत्त्वाची. सोडा आणि टार्टर ओलं झालं की लगेच कामाला लागतात. पाहुणे आल्यावर तवा तापवाल तर पोळ्या होतील.

बिडाचा तवा घ्या, आच मध्यमपेक्षा कमी. लोण्याचा हात फिरवून फडक्याने पुसून घ्या, नाहीतर खालून ठिपके ठिपके उठतात. मोठ्या चमच्याने एकेक डाव घाला, पसरवू नका. वर बुडबुडे येतील. ते फुटून भोकं तशीच राहिली आणि कडेची चमक गेली की उलटायचं. दुसऱ्या बाजूला जेमतेम मिनिटभर. झाले की स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवा, मऊ राहतात.

आता तुम्ही लिहा.

पेठकर_बुवा

म्हणजे गोड घावनच की हो! आमच्या आजीने हे आयझेनहॉवरला न विचारता केलं असतं.

बाकी लेख उत्तम. पुढील लेखनास शुभेच्छा.

गवती_चहा

बुवा, घावन जाळीदार आणि पातळ. हा बोटभर जाड हवा, आतून मऊ. आजींना सांगा, पीठ डावातून एका दमात ओघळलं नाही पाहिजे. :)

लेस्टरची_सून

तोंडाला पाणी सुटलं! इकडे स्कॉटिश शेजारीण या तव्याला 'गर्डल' म्हणते, आपल्या तव्यासारखाच सपाट, वर अर्धगोल कडी असते. मी भारतातून आणलेल्या तव्यावरच करते.

पत्रात आणखी एक आहे गं ताई. साखरेऐवजी गोल्डन सिरप किंवा ट्रीकल घातलं तरी छान लागतं, असं राणीने लिहिलंय. आपल्याकडे काकवी चालेल. रंग जरा काळपट येतो पण चव भन्नाट. काकवी घातली तर दूध थोडं कमी.

चिऊताई_नाशिक

क्रीम ऑफ टार्टर नसेल तर? आणि अंडं न घालता होईल का? आमच्याकडे सासूबाई खात नाहीत.

गवती_चहा

चिऊताई, केकचं सामान मिळतं त्या दुकानात टार्टरची डबी मिळते. नसेल तर सोडा-टार्टर दोन्ही वगळून निम्म्या प्रमाणाला अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर. अंड्याशिवाय करायचं तर दुधाऐवजी ताजं, न आंबलेलं दही पाण्यात सैल करून घ्या. मग टार्टर नको, नुसता सोडा पुरे. पण मग ती चिऊताईची पाककृती झाली, राणीची नाही.

इतिहासाचा_किडा

धागा आवडला, पण एक पाचर मारतो. 'ब्रिटिश राजघराण्याचं पारंपरिक जेवण' असं काही शोधायला गेलात तर हाती फ्रेंच जेवण लागेल. बकिंगहॅम राजवाड्याची मेनूपत्रिका परंपरेने फ्रेंचमध्ये छापली जायची. व्हिक्टोरियाच्या मुदपाकखान्यात १८९८ मध्ये गॅब्रिएल चुमी नावाचा स्विस पोऱ्या उमेदवारीला लागला, पुढे मुख्य आचारी झाला. त्याच्या आठवणी १९५४ मध्ये छापून आल्या. त्यातला थाट सगळा फ्रेंच वळणाचा.

मात्र त्याच आठवणींत आपल्या उपयोगाची गोष्ट आहे. व्हिक्टोरियाच्या भारतीय नोकरांना मुदपाकखान्याचा एक भाग वेगळा काढून दिला होता. नेहमीचं मांस त्यांना धर्मामुळे चालत नसे, म्हणून मेंढी-कोंबडी ते स्वतः कापत. भांडारात उत्तम प्रतीची आयात केलेली करी पावडर होती, तिला ते हात लावायला तयार नव्हते. दोन मोठ्या गोल दगडांमध्ये स्वतःचा मसाला वाटत. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी आग्र्याहून आलेला अब्दुल करीम यांच्यातलाच. करी रोज दुपारी शिजायची.

म्हणजे उत्तम प्रतीची तयार करी पावडर समोर असताना आपल्या माणसांनी जात्यावर मसाला केला. यावर वेगळा धागा होईल.

पेठकर_बुवा

अनुमोदन. तयार मसाला वापरणाऱ्यांनी हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावावा.

खारा_बोंबील

किडा भाऊ, मसाल्याचा विषय निघालाच आहे तर माझी पाळी. कोरोनेशन चिकन.

२ जून १९५३, एलिझाबेथचा राज्याभिषेक. वेस्टमिन्स्टर शाळेच्या सभागृहात साडेतीनशेच्या आसपास परदेशी पाहुण्यांना जेवण द्यायचं होतं. जबाबदारी कॉन्स्टन्स स्प्राय आणि रोझमेरी ह्यूम यांच्यावर. स्प्रायबाई मुळात फुलांच्या सजावटीसाठी प्रसिद्ध, पाककृती ह्यूमबाईंची. वाढायला स्वयंपाक शिकणाऱ्या विद्यार्थिनी आणि जागा तुटपुंजी. म्हणून आधी करून ठेवता येईल असं थंड चिकन. पत्रिकेवर नाव अर्थात फ्रेंच: पूले रेन एलिझाबेथ.

तिकडे लंडनला (दोन वर्षं होतो कामानिमित्त) सँडविचमध्ये जे पिवळंधमक, बेदाणे घातलेलं चिकन मिळतं, ते हे नव्हे. मूळ पाककृतीत बेदाणे नाहीत, बदामही नाहीत.

कृती: दोन कोंबड्या गाजर, मिरी, मीठ, तमालपत्र आणि पाणी घालून मंद शिजवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. हे टाळू नका, बाहेर काढून गार केलं की मांस कोरडं पडतं. सॉससाठी चमचाभर तेलात एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून परता, लाल करायचा नाही. त्यात दोन छोटे चमचे करी पावडर, मिनिट-दोन मिनिटं. मग एक चमचा टोमॅटो प्युरी, एक ग्लास रेड वाइन (वाइनचा ग्लास, पाण्याचा नाही!), त्याहून किंचित कमी पाणी, तमालपत्र, मीठ, चिमूट साखर, मिरी, लिंबाची चकती आणि थोडा रस. उघडंच पाच-दहा मिनिटं उकळा, गाळा, गार करा. हे गार झालेलं पाणी थोडं थोडं करून सव्वाचारशे मिली मेयोनीजमध्ये मुरवायचं, सोबत एक-दोन चमचे जर्दाळूचा गर. शेवटी दोन-तीन चमचे हलकं फेटलेलं क्रीम. हाडं काढलेल्या चिकनला लावून फ्रिजमध्ये. सोबत थंड भाताचं सॅलड. सहा-आठ माणसांना होतं.

जर्दाळूचा गर म्हणजे जॅम नव्हे. सुके जर्दाळू रात्री भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मऊ शिजवून मिक्सरमधून काढा. वाइन नाशिकची चालेल.

आणि कृपा करून मालवणी मसाला घालू नका. मीच सांगतोय म्हणजे बघा. धने, जिरे, हळद, थोडी मेथी, मिरी आणि नावाला मिरची भाजून दळा. इथे मसाला चढायचा नाही, मागून यायचा असतो.

संत्री_नागपूरची

बापा! हे खाऊन नागपूरच्या माणसाचं काय होईल? दोन चमचे करी पावडर दोन कोंबड्यांना? आमच्याकडे एवढा मसाला तर्रीच्या एका चमच्यात असते.

खारा_बोंबील

संत्री, हाच तर गमतीचा भाग आहे. स्प्रायबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, की आवडीनिवडी माहीत नसलेल्या एवढ्या लोकांना खरीखुरी करी वाढायची हिंमत कोण करणार, आणि जेवणाऱ्यांपैकी फारशा कुणाला यात करी आहे हे कळलंही नसावं. तिखट म्हणून खाल तर निराश व्हाल. उन्हाळ्यातलं गार जेवण म्हणून खा.

अवांतर: पाचव्या जॉर्जला करी आणि सुके बोंबील फार प्रिय होते असं खाद्येतिहासकार लिहितात. माझ्या आयडीला राजमान्यता आहे, नोंद घ्यावी.

गवती_चहा

बोंबील, 'लिहितात' म्हणजे पुरावा अर्धाच. तुमचा आयडी तात्पुरता मंजूर. हलके घ्या.

सडेतोड

मजा चाललीय तुमची. ज्यांनी दीडशे वर्षं लुटलं त्यांच्या राणीचे स्कोन आणि राजाचे बोंबील. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर इथल्या राजघराण्यांच्या पाककृती संपल्या का? शरभोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाककलेची हस्तलिखितं पडून आहेत. त्यावर कुणी धागा काढत नाही.

इतिहासाचा_किडा

सडेतोड, तंजावरचा धागा तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण लुटीचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून सांगतो, तो या पाककृतींच्या आतच आहे. १९२७ चं 'एम्पायर ख्रिसमस पुडिंग' पाहा. साम्राज्याचा माल लोकांनी घ्यावा म्हणून सरकारी एम्पायर मार्केटिंग बोर्डाने जाहिरात केली. राजाचे मुख्य आचारी सेडार यांची पाककृती, पाचव्या जॉर्जच्या संमतीने. प्रत्येक जिन्नसापुढे देश. मनुका-बेदाणे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचे, सफरचंद कॅनडाचं, चरबी न्यूझीलंडची, साखर वेस्ट इंडीजची, दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची, अंडी आयर्लंडची. बेदाणे पाच पौंड, ब्रेडचा चुरा पाच पौंड, सगळं असं पौंडांत.

आणि हिंदुस्थान? एक छोटा चमचा पुडिंगचा मसाला.

पेठकर_बुवा

एक चमचा!! अख्ख्या पुडिंगला!

आणि रम दोन गिल (पाव लिटरहून जास्त). प्राधान्यक्रम समजला.

सडेतोड

हे माहीत नव्हतं. लिंक नको, पण तंजावरचा धागा काढतो. तोपर्यंत चालू द्या.

लेस्टरची_सून

व्हिक्टोरिया सँडविच कुणीच घेतलं नाही, मी घेते. लोक केक म्हणतात, इथल्या जुन्या बायका सँडविच. राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा. बीटनबाईंच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात तो आहे. चार अंडी, त्यांच्या वजनाइतकी साखर, तितकंच लोणी, तितकाच मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही! ती तोवर निघाली होती (आल्फ्रेड बर्ड, १८४३), पण बाईंनी सगळा भार फेटण्यावर टाकलाय. भाजून, मध्ये जॅम लावून, लांबट बोटांसारखे तुकडे कापायचे आणि काचेच्या ताटलीत आडवे-उभे रचायचे.

भारतातल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे अंडी सालासकट वजन करा. तुमच्याकडे पन्नास ग्रॅमचं अंडं मिळतं, इथलं साठच्या पुढे जातं. इंग्रजी पुस्तकातलं '२२५ ग्रॅम मैदा, ४ अंडी' तसंच घेतलं की केक कोरडा होतो. वजन केलं की प्रश्नच मिटला. हल्लीच्या पद्धतीने करायचं तर चार अंड्यांना दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. मुंबईच्या मे महिन्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. साखर मिक्सरमधून फिरवा पण पिठीसाखर करू नका, कणाशिवाय लोण्यात हवा धरत नाही.

मध्ये रासबेरी जॅम. वर नुसती बारीक साखर भुरभुरायची. इथल्या महिला मंडळांच्या स्पर्धेत मध्ये क्रीम दिसलं की परीक्षकबाईंच्या कपाळाला आठी.

चिऊताई_नाशिक

रासबेरी नाही मिळत बाई. महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी जॅम लावला तर परीक्षकबाई येणार आहेत का नाशकात?

लेस्टरची_सून

लाव गं बिनधास्त. फक्त बाजारातला जॅम जरा घट्ट असतो, चमचाभर लिंबाचा रस घालून सैल कर.

मुदपाकखाना

शाकाहारी लोकांसाठी काहीतरी म्हणून २०२३ ची कोरोनेशन कीश (मैद्याच्या पारीत अंडं-क्रीमचं सारण भरून भाजलेला खारा पदार्थ). ६ मे २०२३ ला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा गल्लोगल्ली सामुदायिक जेवणासाठी राजा-राणीने निवडलेला पदार्थ म्हणून राजवाड्यानेच जाहीर केली. पाककृती राजवाड्याचे मुख्य आचारी मार्क फ्लॅनगन यांची. (अंडं आहे हो, शाकाहारी म्हणजे मांसाविना एवढंच. आणि मूळ पारीत डुकराची चरबी आहे, ती आपण काढणार.)

पारी: १२५ ग्रॅम मैदा, चिमूट मीठ, मुळात २५ ग्रॅम लोणी आणि २५ ग्रॅम चरबी, आपण ५० ग्रॅम फ्रिजमधलं कडक लोणी घ्यायचं. बोटांच्या टोकांनी चोळून चुरा, मग दोन चमचे दूध घालून गोळा. मळायचं नाही. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. लाटून २० सेंटिमीटरच्या डब्यात बसवा, परत फ्रिजमध्ये. वर बटर पेपर, त्यावर वजनाला जुना राजमा, १९० अंशांवर १५ मिनिटं. राजमा काढून मग भरायचं.

सारण: १२५ मिली दूध, १७५ मिली डबल क्रीम, दोन अंडी, टॅरागॉन, मीठ, मिरी. १०० ग्रॅम किसलेलं चेडार, १८० ग्रॅम शिजवलेला पालक, ६० ग्रॅम ब्रॉड बीन्स. १६० अंशांवर २०-२५ मिनिटं. मध्ये किंचित हललं पाहिजे.

आता आपली पंचाईत कुठे होते ते सांगतो. पालक शिजून बसतो, दोन मोठ्या जुड्या घ्या, आणि पंचात बांधून पिळा. पिळाल्यावर परत पिळा. क्रीमचं म्हणाल तर तिकडचं डबल क्रीम ४८ टक्के स्निग्धांशाचं. आपल्याकडचं पाकिटातलं बहुधा २५ टक्क्यांचं. म्हशीच्या दुधाची ताजी साय घुसळून त्यात मिसळली की जवळ जाता येतं. ब्रॉड बीन्सऐवजी थंडीत ओले पावटे, उकडून वरची साल काढून. कडवे वाल नकोत, नावातच आहे. टॅरागॉनला बडीशेपेकडे झुकणारा वास असतो. सुका मिळाला तर पाव चमचा, नाहीतर बडीशेपेची चिमूट भरडून. शेपू घालू नका, सगळं गिळून टाकतो.

पेठकर_बुवा

लसूण कुठेच दिसत नाही. इतकी श्रीमंती आणि लसूण नाही?

मुदपाकखाना

बुवा, राजवाड्यात लसणाला मज्जाव. चार्ल्सच्या पत्नी कॅमिला यांनीच ऑस्ट्रेलियाच्या मास्टरशेफ कार्यक्रमात सांगितलंय. माणसांना दिवसभर लोकांना भेटायचं असतं, बोलायचं असतं, म्हणून. चातुर्मास पाळणाऱ्यांना ही कीश अगदी सोयीची झाली असती, पण अंडं आडवं आलं.

चिऊताई_नाशिक

मुलांसाठी काही सोपं सांगा ना. ओव्हनशिवाय. आणि सासूबाई पण खातील असं.

गवती_चहा

चॉकलेट बिस्कीट केक. राजवाड्यात अकरा वर्षं काम केलेले आचारी डॅरन मॅकग्रेडी यांनी ही पाककृती दिलीय आणि राणी एलिझाबेथच्या आवडीचा केक हाच असं तेच सांगतात. २०११ मध्ये विल्यमच्या लग्नात नवऱ्यामुलाचा केक म्हणून हाच होता, मॅकव्हिटीज या बिस्कीट कंपनीने केलेला, रिच टी बिस्किटांचा.

आपल्याकडे रिच टी शोधत फिरू नका, मारी घ्या. आणि मारी म्हणजे दुय्यम पर्याय नाही बरं. हे बिस्कीट लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १८७४ मध्ये काढलं ते व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड आणि रशियाची राजकन्या मारिया यांच्या लग्नानिमित्त. नाव तिच्यावरूनच. आपण चहात बुडवतो ते मुळात राजघराण्याच्या लग्नाचं बिस्कीट आहे.

११५ ग्रॅम लोणी आणि तितकीच बारीक साखर हलकी होईपर्यंत फेटा. ११५ ग्रॅम डार्क चॉकलेट गरम पाण्यावर वितळवून त्यात घाला. मुळात इथे एक फेटलेलं अंडं आहे. सासूबाईंसाठी त्याऐवजी दोन-तीन चमचे कंडेन्स्ड मिल्क आणि साखर थोडी कमी. २२५ ग्रॅम मारी हाताने मोडा, बदामाएवढे तुकडे. मिक्सर लावलात तर चॉकलेटचा लाडू होईल. तुकड्यांना चॉकलेट नीट माखलं की सहा इंची रिंगमध्ये दाबून भरा. तळाला पोकळी राहू देऊ नका, कारण केक उलटल्यावर तोच भाग वर येतो. तीन तास फ्रिजमध्ये. मग उलटून वर आणखी २२५ ग्रॅम वितळलेलं डार्क चॉकलेट ओता, सुरीने कडा सारख्या करा.

पेठकर_बुवा

मारीचं हे माहीत नव्हतं. आजपर्यंत आजारी माणसाला भेटायला नेत होतो.

चिऊताई_नाशिक

करते रविवारी! रिंग नाही, स्टीलच्या डब्यात केला तर निघेल का?

गवती_चहा

निघेल. डब्याला आतून बटर पेपर लाव, दोन्ही बाजूंनी पट्ट्या बाहेर ठेव म्हणजे ओढून काढता येईल. आणि कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घे, नाहीतर वरचं चॉकलेट तडकतं. फोटो टाक.